डिटेक्ट न होणाऱ्या बोर्डाची पूर्वपीठिका

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प जमा करायचे दिवस आले की एक तक्रार हमखास कानावर येते: ‘बोर्ड डिटेक्टच होत नाही.’ स्वतः आखलेला, स्वतः सोल्डर केलेला मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड यूएसबीने कॉम्प्युटरला जोडला जातो आणि पडद्यावर काहीच उमटत नाही, किंवा उमटलंच तर ‘अननोन डिव्हाइस’ एवढंच. मग ड्रायव्हर काढून पुन्हा टाकणं, मित्राचा लॅपटॉप आणणं, शेवटी विंडोजच नव्याने टाकणं असा क्रम सुरू होतो. हा क्रम उलटा आहे. बिघाड बहुतेक वेळा तांब्याच्या रेघांवर असतो आणि शोध मात्र पडद्यावर चालतो. ही सवय विद्यार्थ्यांच्या आळसातून आलेली नाही. ती एका जोडणीच्या रचनेतून आली, आणि ज्या गावांत मोजमापाची उपकरणं घडत होती त्याच गावांत रुजली. म्हणून तिचा इतिहास पाहायला हवा.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा, म्हणजे आपल्या एमआयडीसीचा, जन्म झाला तो ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालच्या एका छोट्या समारंभात. पुढे डोंबिवली, अंबरनाथ, ठाणे-बेलापूर रस्ता अशा वसाहती वाढत गेल्या. डोंबिवली एमआयडीसी म्हटलं की आज रासायनिक कारखाने आणि त्यांतले स्फोट डोळ्यांपुढे येतात. पण या पट्ट्याला विजेच्या कामाचीही जुनी परंपरा आहे. मुंबईत १९२५ मध्ये १५०० व्होल्ट डीसीवर विजेची गाडी धावली. कल्याणच्या पुढे घाट चढून जाणाऱ्या इंजिनांना वीज लागली तेव्हा ठाकुर्लीला रेल्वेचं चोळ्याचं वीजघर उभं राहिलं. कल्याणची लोको शेड, पुढे कळव्याची कारशेड, कळव्यातलाच सीमेन्सचा कारखाना, तिथलाच फिलिप्सचा कारखाना या सगळ्या ठिकाणी देखभालीचं काम करणाऱ्या माणसाला बिघाड ओळखण्यापेक्षा शोधावा लागतो. पुरवठा आहे का, फ्यूज शाबूत आहे का, कॉन्टॅक्टर ओढतो का, कॉइलपर्यंत व्होल्टेज पोचतं का, या क्रमाने तो एकेक टप्पा मोजत पुढे सरकतो. मधली पायरी गाळली तर गाडी यार्डातून निघत नाही.

या परंपरेत वागळे इस्टेटमधल्या अ‍ॅप्लॅब या कंपनीला मी विशेष महत्त्व देतो. प्रभाकर देवधर यांनी साठच्या दशकात उभी केलेली ही कंपनी चाचणीची उपकरणं, विशेषतः डीसी पॉवर सप्लाय आणि ऑसिलोस्कोप, बनवत असे. देवधर पुढे राजीव गांधींच्या काळात केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आयोगाचे अध्यक्ष झाले. परदेशी उपकरण आणायचं तर परवाना आणि परकीय चलन या दोन्हींची अडचण होती, तो हा काळ. त्यामुळे देशी बनावटीच्या पॉवर सप्लायला आणि ऑसिलोस्कोपला महाविद्यालयांच्या, तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत जागा मिळाली. या पॉवर सप्लायच्या दर्शनी पट्टीवर दोन मीटर असत, एक व्होल्टचा आणि एक अँपिअरचा, आणि करंटची मर्यादा ठरवणारं एक बटण असे. बोर्ड जोडला आणि अँपिअरचा काटा झपकन मर्यादेला जाऊन टेकला, व्होल्टचा काटा खाली बसला, की बोर्डावर कुठेतरी शॉर्ट आहे हे प्रोग्रॅमची एक ओळही न चालवता कळे. काटा जागचा हललाच नाही तर कुठेतरी ओपन आहे. बिघाड शोधण्याचा पहिला प्रश्न हे उपकरण न विचारताच सोडवत असे. पुढच्या सगळ्या कथेत या अँपिअरच्या काट्याकडे लक्ष ठेवावं अशी विनंती आहे.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचं तंत्रनिकेतन सुरू झालं. ऐरोली, डोंबिवली, ठाणे इथे पुढच्या दोन दशकांत महाविद्यालयं निघत गेली आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांची संख्या वाढली. सुरुवातीला अभ्यास होता १९७६ साली आलेल्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचा. हेक्स कीपॅडवर एकेक बाइट दाबून प्रोग्रॅम भरायचा. स्वतःचा बोर्ड करायचा तर प्रोग्रॅम ईप्रॉममध्ये जाई. चुकला तर चिपची काचेची खिडकी पंधरा-वीस मिनिटं अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरायची आणि पुन्हा बर्न करायचं. नव्वदच्या दशकात अ‍ॅटमेलच्या फ्लॅश मेमरीवाल्या ८९सी५१ ने हा त्रास संपवला. सुटे भाग मिळायचे ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर. कल्याण-डोंबिवलीहून दादरला उतरून गाडी बदलायची, ग्रँट रोडला जायचं आणि परत यायचं. एक क्रिस्टल चुकीचा आला तर अख्खा दिवस गेला. एवढ्या दगदगीमुळे घटक बदलून पाहण्याआधी मोजून पाहणं शहाणपणाचं ठरे.

कॉम्प्युटरशी बोलायला त्या वेळी सीरियल पोर्ट होता. मधे मॅक्स२३२ ही चिप आणि तिचे चार कॅपॅसिटर. ही चिप पाच व्होल्टवर चालून कॉम्प्युटरला हवं तसं आठ-दहा व्होल्टचं धन आणि ऋण व्होल्टेज तयार करी. या जोडणीत बिघाड कसा सापडे ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. नऊ पिनांच्या कनेक्टरवर २ आणि ३ या पिना एका तारेने जोडायच्या आणि हायपरटर्मिनलमध्ये एक अक्षर दाबायचं. ते पडद्यावर परत आलं की कॉम्प्युटर आणि केबल निर्दोष. मग तीच तार मॅक्स२३२ च्या पलीकडे, मायक्रोकंट्रोलरच्या सॉकेटमध्ये चिप काढून, लावायची. अक्षर इथूनही परत आलं तर मॅक्स२३२ आणि तिचे कॅपॅसिटरही निर्दोष. दोन पावलांत दोष चिपमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये असल्याचं निश्चित होई. अक्षरांऐवजी कचरा उमटला तर तोही बोलका असे. ८९सी५१ ला ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला की ९६०० चा वेग तंतोतंत जुळतो. त्याजागी १२ चा लावला तर वेग साडेआठ टक्क्यांनी चुकतो आणि नेमका तसाच कचरा दिसतो. शिवाय बोर्डाची वीज वेगळी यायची, पॉवर सप्लायमधून किंवा ७८०५ रेग्युलेटरमधून. विजेचा बिघाड एका तारेवर आणि संभाषणाचा बिघाड दुसऱ्या तारेवर, अशी वाटणी या रचनेत आपोआप झालेली होती.

जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचं पहिलं प्रमाणक आलं. ते घडवणाऱ्यांत इंटेलमधले अजय भट्ट हे प्रमुख नाव, मूळचे बडोद्याचे आणि तिथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. प्रिंटर, कीबोर्ड, मोडेम यांच्यासाठी वेगवेगळे पोर्ट लागत होते, त्यांना एकच पर्याय देणं हा हेतू होता आणि तो उत्तम साधला. सामान्य माणसाचं काम सोपं झालं. बोर्ड बनवणाऱ्याचं मात्र काय झालं? एकाच केबलमध्ये चार तारा आल्या: पाच व्होल्ट, ग्राउंड, डी प्लस आणि डी मायनस. वीज आणि संभाषण एकत्र झालं. त्याबरोबर टेबलावरचा पॉवर सप्लाय अनावश्यक ठरला आणि अँपिअरचा काटाही गेला. शॉर्ट असलेला बोर्ड आता पॉवर सप्लायऐवजी कॉम्प्युटरच्या पोर्टला लागतो. कॉम्प्युटर स्वतःला वाचवण्यासाठी त्या पोर्टची वीज तोडतो आणि फार तर एक संदेश दाखवतो. तो संदेश बहुतेकांना सॉफ्टवेअरची कुरकुर वाटतो.

दुसरा बदल संभाषणाच्या स्वभावात झाला. सीरियल पोर्टवर बोर्ड आपणहून काहीही बोलू शकत असे. यूएसबीत कॉम्प्युटर विचारतो तेव्हाच बोर्डाने उत्तर द्यायचं. आधी बोर्ड जोडला गेल्याची खूण मिळते, मग कॉम्प्युटर रीसेट देतो, मग बोर्डाची ओळख सांगणारं अठरा बाइटचं वर्णन मागतो, मग पत्ता देतो, आणि शेवटी पूर्ण वीज घ्यायची मुभा देतो. तोवर बोर्डाने १०० मिलिअँपिअरच्या आत राहायचं असतं. यातली कुठलीही पायरी चुकली तरी वापरणाऱ्यासमोर एकच वाक्य येतं. टप्पे आत आहेतच, पण ते दिसेनासे झाले. ते पाहायचे तर पुन्हा मोजावं लागतं, आणि ते साध्या मल्टिमीटरनेही जमतं.

ब्लू पिल या स्वस्त बोर्डाचं उदाहरण यासाठी अगदी योग्य आहे. एसटीएम३२एफ१०३ ही चिप असलेला हा चिनी बोर्ड भारतात हजारोंनी खपला आणि त्याचा आराखडा अनेकांनी आपल्या बोर्डांत जसाच्या तसा उतरवला. पूर्ण वेगाच्या (फुल-स्पीड) यूएसबी उपकरणाने डी प्लस ही तार १.५ किलोओहमच्या रेझिस्टरने ३.३ व्होल्टकडे ओढून धरायची असते. ‘मी जोडला गेलो’ ही खूण कॉम्प्युटरला मिळते ती यातूनच. कॉम्प्युटरच्या बाजूला तीच तार १५ किलोओहमने ग्राउंडकडे ओढलेली असते. हिशेब केला तर तारेवर ३.० व्होल्ट यायला हवेत. ब्लू पिलच्या बऱ्याच बोर्डांवर आर१० या जागी १.५ ऐवजी १० किलोओहमचा रेझिस्टर बसवलेला होता. मग तारेवर येतात १.९८ व्होल्ट, आणि ‘वर’ हा संकेत ओळखायची किमान मर्यादा आहे २.० व्होल्ट. म्हणजे बोर्ड उंबरठ्याच्या किंचित अलीकडे उभा. एखाद्या कॉम्प्युटरचा १५ किलोओहमचा रेझिस्टर थोडा जास्त भरला तर तिथे बोर्ड सापडतो, शेजारच्या कॉम्प्युटरवर सापडत नाही. ‘माझ्या लॅपटॉपवर चालतो, कॉलेजच्या पीसीवर नाही’ हे ऐकून कुणालाही ड्रायव्हरचा संशय येईल. मल्टिमीटरचं एक टोक ग्राउंडवर आणि दुसरं डी प्लसवर ठेवलं तर खरं कारण लगेच दिसतं. इलाजही तेवढाच छोटा आहे: त्या रेझिस्टरला समांतर १.८ किलोओहमचा एक जोडायचा, दोन्ही मिळून दीड किलोओहमच्या जवळ येतात.

बाकीचे नेहमीचे दोषही याच जातीचे आहेत. पूर्ण वेगाच्या यूएसबीला घड्याळ पाव टक्क्याच्या आत अचूक लागतं. बोर्डावर ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि प्रोग्रॅममध्ये १२ लिहिलेलं असेल तर बोर्ड जोडल्याची खूण मिळते, पण वर्णन मागितल्यावर उत्तर समजत नाही आणि ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असं दिसतं. पीसीबी आखताना डी प्लस आणि डी मायनस उलटे गेले तर रेझिस्टर चुकीच्या तारेला लागतो आणि लिनक्सच्या नोंदीत पूर्ण वेगाचा बोर्ड ‘लो-स्पीड’ म्हणून येतो. ही एक ओळ वाचता आली तर आराखड्यातली चूक घरबसल्या सापडते. ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंट या ऑस्ट्रियन कंपनीच्या व्ही-यूएसबी या सॉफ्टवेअरमुळे अ‍ॅटमेगा८ सारख्या, यूएसबी नसलेल्या चिपलाही यूएसबी जोडता येऊ लागलं. त्यात तारांवर ३.६ व्होल्टचे झेनर लागतात. ते अर्ध्या वॅटचे किंवा त्याहून लहान हवेत. दणकट म्हणून एक वॅटचे घेतले तर जोडणी बिघडते. सीएच३४० या यूएसबी-सीरियल चिपच्या व्ही३ पिनवरचा छोटा कॅपॅसिटर राहून जातो. केबल फक्त चार्जिंगची असते, तिच्यात मधल्या दोन तारा नसतातच. अलीकडे टाइप-सी आलं आहे. त्यात सीसी१ आणि सीसी२ या दोन पिनांना प्रत्येकी ५.१ किलोओहमचा स्वतंत्र रेझिस्टर लागतो. तो नसेल तर जुन्या चपट्या टोकाच्या केबलवर बोर्ड चालतो आणि दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलवर त्याला वीजच मिळत नाही. ही चूक फक्त विद्यार्थीच करतात असंही नाही. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ मध्ये दोन्ही पिनांना मिळून एकच रेझिस्टर दिला गेला होता आणि काही केबलवर तो सुरूच होत नव्हता.

यावर पहिला आक्षेप येईल तो ड्रायव्हरचा. ड्रायव्हरचा दोष नसतोच असं कसं म्हणता? ऑक्टोबर २०१४ मध्ये यूएसबी-सीरियल चिपा बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपांचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला. काल चालणारे बोर्ड आज दिसेनासे झाले. गदारोळ झाल्यावर कंपनीने तो मागे घेतला. ही घटना खरी आहे, आणि स्वस्त सुट्या भागांवर चालणाऱ्या बाजारात तिची झळ बसणारच होती. पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. ड्रायव्हरचा दोष असतो तेव्हा कॉम्प्युटरला बोर्डाची ओळख मिळालेली असते, म्हणजे यादीत उत्पादकाचा आणि उत्पादनाचा क्रमांक दिसतो. क्रमांक दिसला की वीज, केबल, रेझिस्टर आणि घड्याळ चारही निर्दोष आहेत, असं खुशाल धरावं. क्रमांक न येता नुसतं ‘अननोन’ आलं तर बोर्ड जोडला गेला पण बोलू शकला नाही, म्हणजे घड्याळ किंवा प्रोग्रॅम पाहायचा. काहीच आलं नाही तर वीज, केबल आणि ओढून धरणारा रेझिस्टर. या तीन अवस्था वेगळ्या ओळखल्या तर ड्रायव्हरला हात लावायची वेळ फक्त पहिल्या अवस्थेत येते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तयार मॉड्यूल इतकं स्वस्त असताना स्वतःचा बोर्ड करायचाच कशाला? भारताने १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान कराराला संमती दिली आणि त्यातल्या वस्तूंवरची आयात जकात २००५ पर्यंत शून्यावर आणली. २००५ मध्येच इटलीत आर्डुइनो जन्माला आलं. या दोन गोष्टींचा मिळून परिणाम असा झाला की डोंबिवलीतल्या मुलीला ग्रँट रोडच्या फेऱ्या न मारता घरी बसून काम करणारा बोर्ड मिळू लागला. हा लाभ मी कमी लेखत नाही. परवान्यांच्या काळात हे क्षेत्र ज्यांना बंद होतं अशा कितीतरी घरांतल्या मुलांना त्याने दार उघडून दिलं. पण वागळे इस्टेटमध्ये, अंबरनाथमध्ये एखादं यंत्र बनवणाऱ्या छोट्या कारखान्याला पॅनेलमध्ये खिळ्यांवर बसवलेलं मॉड्यूल आणि लोंबणाऱ्या जम्पर तारा चालत नाहीत. त्याला आपल्या मापाचा, आपल्या कनेक्टरचा, कंपनं सोसणारा बोर्ड लागतो. तो करणारा माणूस मॉड्यूलवरच शिकला असेल तर विजेचा आणि संभाषणाचा बिघाड वेगळा करायचा प्रसंग त्याच्यावर पहिल्यांदा येतो तो थेट गिऱ्हाइकासमोर.

आणखी एक म्हणणं असं की सेकंदाला एक कोटी वीस लाख बिट धावणाऱ्या तारेवर मल्टिमीटर काय दाखवणार. त्याला महागडं प्रोटोकॉल अ‍ॅनालायझर हवं. हे अर्धसत्य आहे. संभाषण सुरू झाल्यावर आत काय चाललंय हे पाहायला असं उपकरण लागतंच. पण वर आलेले बहुतेक दोष संभाषणापूर्वीचे आहेत आणि स्थिर व्होल्टेजमध्ये दिसणारे आहेत. जुना पोर्ट बरा होता, असाही या मांडणीचा अर्थ नाही. सीरियल पोर्टवरही २ आणि ३ ची अदलाबदल होत असे आणि पॅरलल पोर्टला बोर्ड थेट जोडताना कॉम्प्युटरचं पोर्ट जळत असे. त्या जोडणीत वीज वेगळी होती म्हणून शोधाला क्रम होता, एवढाच फरक मी दाखवतो आहे. तो क्रम यूएसबीवरही परत आणता येतो. नवा बोर्ड आधी कॉम्प्युटरला लावूच नये. करंटची मर्यादा शंभर मिलिअँपिअरवर ठेवून त्याला पॉवर सप्लायवरून पाच व्होल्ट द्यावेत, काटा पाहावा, ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर मोजावा, सप्लाय काढून घ्यावा, आणि मगच केबल जोडून डी प्लसचं व्होल्टेज पाहावं.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असे पॉवर सप्लाय आजही असायला हवेत, आणि असले तर ते पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगांपुरतेच बाहेर येऊन एरवी कपाटात राहू नयेत. शेवटच्या वर्षाच्या परीक्षकांना माझी सूचना आहे: प्रकल्पाचा बोर्ड चालतो का हे पाहण्याआधी तो रिकामा असताना किती मिलिअँपिअर घेतो आणि डी प्लसवर किती व्होल्ट आहेत हे विद्यार्थ्याला विचारावं, आणि हे दोन आकडे प्रकल्प अहवालाच्या ब्लॅक बुकात छापणं सक्तीचं करावं.